वीस वर्षांची मेंदी आणि खालचे केस: एका प्रकरणाची नोंद

हे प्रकरण सांगलीतल्या माझ्या पार्लरमधलं आहे. ज्यांचं आहे त्यांनी ही नोंद वाचून परवानगी दिली आहे. नाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. त्या मला शाळेत शिकवायला होत्या, म्हणून इथेही त्यांना 'बाई'च म्हणते. मेंदी सोडून केसांच्या मूळ रंगावर यायचं त्यांचं हे काम जून 2022 ते फेब्रुवारी 2024 असे वीस महिने चाललं. त्यात एक चूक माझ्या हातून झाली आणि ही नोंद लिहायचं मुख्य कारण तीच आहे.

पार्श्वभूमी

बाई मे 2022 अखेर निवृत्त झाल्या आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. वय 58. अडतिसाव्या वर्षापासून केसांना मेंदी. शनिवारी रात्री लोखंडी कढईत मेंदी भिजवायची, त्यात आवळ्याची पूड, चहाचं उकळलेलं पाणी, थोडं दही, अर्धं लिंबू. रविवारी सकाळी सगळं डोक्यावर थापायचं, वर प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि तीन तास तसंच घरकाम करायचं. सुरुवातीला महिन्यातून एकदा लावायच्या, मग तीन आठवड्यांनी. शेवटची दोन वर्षं तर दर पंधरा दिवसांनी, कारण भांगात पांढरी रेघ लगेच दिसायची.

पावसाळ्यात मेंदी लावली की सर्दी ठरलेली. मान धरायची ते वेगळंच. पण त्या आल्या त्या सर्दीमुळे नाही. खुर्चीत बसल्या, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाल्या, "वीस वर्षांत मी माझे केस बघितलेच नाहीत गं. खाली काय आहे ते मला बघायचंय."

केस मोजले तर माथ्यापासून टोकापर्यंत 52 सेंटीमीटर. लांब वेणी, एरवी अंबाडा. उजेडात धरल्यावर तीन पट्टे स्पष्ट दिसत होते. मुळाशी बोटभरही नाही इतकी पांढरी वाढ. त्याखाली पाच-सात सेंटीमीटर झगझगीत केशरी. तिथून टोकापर्यंत गडद, मातकट तांबूस, टोकाला जवळजवळ काळपट. हा तिसरा पट्टा का तयार झाला ते त्यांच्या सवयीत होतं: मेंदी दरवेळी मुळापासून टोकापर्यंत लावायची. टोकाचे केस साडेतीन वर्षांचे, म्हणजे त्यांच्यावर पन्नासहून जास्त वेळा मेंदी चढलेली.

अडचण

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, पानाच्या वजनाच्या साधारण एक टक्का. आंबट पाण्यात भिजवलं की ते हळूहळू मोकळं होतं आणि केसातल्या केराटिन या प्रथिनाशी रासायनिक बंध करतं. केसावर नुसता थर बसला असता तर घासून निघाला असता. हा बंध घासून, धुऊन सुटत नाही. तळहातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत जाते, कारण कातडी झडते आणि खालून नवी येते. केसाचं तसं नसतं. केस जितका काळ डोक्यावर, तितका काळ मेंदी त्यात.

त्यातच एक दिलासाही आहे, आणि तो मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगितला. मेंदी केसाचा मूळ रंग काढत नाही. ब्लीच काढतं, डबीतला पर्मनंट कलरही थोडाफार काढतो. मेंदी फक्त चढते. मुळातून येणारा प्रत्येक केस तर स्वतःच्याच रंगाचा येतो. त्यामुळे 'मूळ रंग परत कसा आणायचा' हा प्रश्न खरं तर 'नवे केस येईपर्यंत जुन्यांचं काय करायचं' असा आहे.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, वयानुसार थोडं कमीच. 52 सेंटीमीटर पूर्ण बदलायला साडेतीन वर्षं. बाईंना लांबी सोडायची नव्हती. घरात 84 वर्षांच्या सासूबाई, त्यांना केस कापणं मुळीच मान्य नव्हतं. डिसेंबरात भाचीचं लग्न होतं. "तिथे मला सगळे विचारतील, आजारी होतीस का म्हणून," ही बाईंची खरी काळजी होती. मुळाशी पांढरं आणि खाली केशरी अशी सरळ रेघ लोकांना आजारपणासारखी वाटते. तेच पांढरं सगळीकडे असलं की कुणी काही म्हणत नाही.

काय काय करता आलं असतं

पहिला पर्याय बॉबकट. एका दिवसात निम्म्याहून जास्त मेंदी गेली असती आणि सहा-आठ महिन्यांत काम संपलं असतं. पार्लरवाली म्हणून मला हाच पटत होता. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि मी तो विषय तिथेच सोडला. तो इतक्या लवकर सोडायला हवा होता का, यावर शेवटी लिहिलं आहे.

दुसरा, घरगुती उपाय. बाईंना तोवर फोनवर बरंच काही आलेलं होतं: गरम तेल, दही, लिंबू आणि मध, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या शाम्पूत कुटून, खाण्याचा सोडा. सोड्याला मी स्पष्ट नकार दिला. तो क्षारीय असतो, केसावरचे खवले उघडतो, केस राठ होतो आणि रंग मात्र तसाच राहतो. लिंबाचंही तेच सांगितलं. मेंदी भिजवताना लिंबू घालतो ते रंग चांगला सुटावा म्हणून. चढलेला रंग ते काढेल असं मानायला आधार नाही. तेल करून बघण्यासारखं होतं, कारण त्याने नुकसान तरी नाही.

तिसरा, बाजारात मिळणारे कलर रिमूव्हर. ते डबीतल्या रासायनिक कलरसाठी बनवलेले असतात. केसाच्या आत तयार झालेले त्या कलरचे मोठे रेणू ते परत लहान करतात आणि मग धुऊन काढता येतात. लॉसोन केराटिनला थेट चिकटलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर हा उपाय चालत नाही. पैसे वाया जातील म्हणून यावर आम्ही वेळ घालवला नाही.

चौथा, सगळं डोकं ब्लीच करून वर रुपेरी टोनर, म्हणजे उजळलेल्या केसांना छटा देणारा हलका रंग. फोटोत हे फार छान दिसतं. पण साडेतीन वर्षांचे, वयाने बारीक झालेले केस, त्यांवर पन्नास थर मेंदी. इतकं ब्लीच लागलं असतं की टोकं हातात आली असती. शिवाय मेंदीचे केस ब्लीचखाली पांढरे होत नाहीत, नारिंगी-पिवळ्यावर अडकून बसतात.

पाचवा, मधला मार्ग. मेंदी बंद करायची, दोन महिन्यांनी थोडी टोकं कापत राहायची, आणि रेघेच्या जागी फॉइलमध्ये अगदी बारीक बटा उजळवायच्या, म्हणजे पांढरं कुठे संपतं आणि केशरी कुठे सुरू होतं ते डोळ्याला पटकन कळत नाही. आम्ही हा निवडला.

(पार्लरवाल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. केस काळे असतील आणि मेंदी फक्त चमकेसाठी लावलेली असेल, तर यातलं काहीच करायची गरज नसते. काळ्या केसावर मेंदीची झाक उन्हातच दिसते, रेघ जवळजवळ कळत नाही. तिथे नुसतं थांबायचं.)

प्रत्यक्ष काम: जून ते सप्टेंबर

जूनमध्ये मेंदी बंद. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खिडकीपाशी, सकाळी दहाच्या उजेडात फोटो. फोटो ही माझीच अट होती. रोज आरशात बघणाऱ्याला बदल दिसत नाही आणि तिसऱ्या महिन्यात धीर सुटतो.

जुलै-ऑगस्टमध्ये तेलाचा प्रयोग. सगळ्या डोक्यावर न करता फक्त उजव्या कानामागच्या आतल्या केसांवर, म्हणजे डाव्या बाजूशी तुलना करता येईल. शनिवारी रात्री कोमट खोबरेल चोपडून ठेवायचं, रविवारी दोनदा शाम्पू. असं सहा आठवडे. पहिल्या दोन वेळा धुतलेलं पाणी तांबूस निघालं. बाई खूश झाल्या, मीही झाले. तिसऱ्या वेळेपासून पाणी स्वच्छ. सहा आठवड्यांनी दोन्ही बाजू शेजारी धरल्या तर मुळाजवळचा, सगळ्यात शेवटी रंगलेला भाग किंचित फिकट झाला होता. मधला आणि टोकाचा भाग होता तसाच. म्हणजे जो रंग अजून पक्का बसला नव्हता तेवढाच निघाला. ज्यांनी पहिल्यांदाच मेंदी लावली आणि दोन दिवसांत पस्तावल्या, त्यांना तेलाचा थोडा उपयोग होईल. वीस वर्षांच्या मेंदीला नाही.

सप्टेंबरात ब्लीचची चाचणी. इथे मला लोखंडी कढईची काळजी होती. आवळ्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई तयार होते. जुन्या काळी लिहायची शाई अशीच करत. कढईतली मेंदी काळपट दिसते ती याच कारणाने, आणि लोखंडाचा अंश केसावरही जातो. केसात धातूचे क्षार असले आणि त्यांवर ब्लीचमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड पडलं, तर केस गरम होऊ शकतो, तुटू शकतो. तांबं किंवा शिसं असलेल्या स्वस्त केसकलरांत हा धोका फार मोठा असतो. म्हणून मानेवरच्या आतल्या केसांतली एक बारीक बट कापून घेतली. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थेंब घालून ती अर्धा तास बुडवून ठेवली. गरम झाली नाही, फेस आला नाही, वास आला नाही. मग तिलाच ब्लीच लावून बघितलं. चाळीस मिनिटांत भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळट रंग आला आणि केस ओढून बघितला तर शाबूत. मी निश्चिंत झाले.

चूक

ऑक्टोबरच्या शेवटी, लग्नाला सहा आठवडे असताना, फॉइल केले. एकूण 24. मागून सुरुवात केली, पुढचे सात शेवटी. मागचे ठरल्याप्रमाणे उजळत होते. पंधराव्या मिनिटाला पुढचं एक फॉइल उघडून बघितलं तर आतली बट शेवाळी हिरवी.

लगेच सातही उघडली आणि थंड पाण्याखाली ब्लीच धुऊन टाकलं. पाच बटा हिरव्या, दोन काळपट. बाईंना आरसा दिला आणि जे होतं ते सांगितलं: "बाई, पुढच्या केसांत मेंदीशिवाय काहीतरी आहे. काय लावलंय?"

त्या क्षणभर आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, लग्नकार्य असलं की पुढे तेवढी इंडिगो पावडर लावायचे मी, केशरी दिसू नये म्हणून. तू मला मेंदी लावता का एवढंच विचारलंस."

इंडिगो म्हणजे नीळ, निळीच्या झाडाच्या पानांची पूड. मेंदीवर चढवली की निळं आणि केशरी मिळून गडद तपकिरी किंवा काळं दिसतं. हेही झाडपाल्याचंच, म्हणून ते वेगळं सांगायला हवं असं बाईंच्या मनातही आलं नाही. ब्लीचने मेंदीचं केशरी फिकट झालं, निळं मात्र तग धरून राहिलं, आणि उरलेल्या पिवळटपणात मिसळून हिरवं झालं. मी चाचणीची बट मानेवरून घेतली होती. इंडिगो कधीच न लागलेली ती जागा होती. चाचणी बरोबर झाली, पण चुकीच्या केसाची.

त्या दहा मिनिटांत तीन वाटा होत्या. आणखी ब्लीच करून हिरवं घालवायचा प्रयत्न, पण त्याने केस जाण्याची शक्यता जास्त आणि हिरवं जाण्याची कमी. तसंच सोडून देणं, जे लग्नाच्या तोंडावर मला शक्य नव्हतं. किंवा वरून तांबूस झाकेचा, अमोनिया आणि पेरॉक्साइड नसलेला धुऊन जाणारा कलर लावणं, म्हणजे लाल हिरव्याला मारेल आणि तपकिरी दिसेल. तिसरी वाट घेतली. रंग बऱ्यापैकी बसला. तो पंधरा-वीस दिवसांत फिका पडून खालचं हिरवं पुन्हा डोकावायचं, म्हणून लग्नापूर्वी तो दोनदा परत लावला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ज्यांनी माझ्या वहीत कितीदा 'प्रश्न पुन्हा वाच' असं लिहिलं होतं, त्यांच्याच डोक्यावर मी प्रश्न अर्धवट विचारून काम केलं होतं.

लग्न आणि नंतर

डिसेंबरपर्यंत मुळाशी सात सेंटीमीटर पांढरं आलं होतं. सरळ भांग टाळला आणि केस मागे घेऊन सैल बांधले, कारण सरळ भांगात रेघ सगळ्यात उघडी पडते. अंबाडा मानेवर, खाली घातला. गडद टोकं अंबाड्यात गेली, त्यावर गजरा आला. मागच्या 17 बटांनी मधला पट्टा चांगला विरघळवला होता. फोटोत केस करडे-सोनेरी दिसतात. कुणीही आजारपणाचं विचारलं नाही. दोघी-तिघींनी कलर कुठे केला ते विचारलं.

त्यानंतर फॉइल एकदाही केले नाहीत. दर दोन महिन्यांनी चार-पाच सेंटीमीटर कापत गेलो. वर्षभरानंतर, जून 2023 मध्ये, लांबी 39 होती आणि त्यातले 14 सेंटीमीटर स्वतःचे. हा काळ सगळ्यात कंटाळवाणा होता. पांढरे केस वर ताठ उभे राहतात, खाली मेंदीचे जड केस ओढतात, वेणी नीट बसत नाही. ऑगस्टमध्ये बाई एकदा मेंदीचा पुडा घेऊनच आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "लावून टाकू का परत?" मी त्यांना तोवरचे दर महिन्याचे फोटो ओळीने दाखवले. पुडा त्या माझ्याकडेच ठेवून गेल्या.

फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनीच सांगितलं, "आता काप." 24 सेंटीमीटर स्वतःचे झाले होते. मानेपर्यंत कापले. शेवटचं केशरी जमिनीवर पडलं.

काय निघालं खाली

सगळे केस पांढरे असतील असं बाई धरून चालल्या होत्या, मीही. तसं नव्हतं. कपाळावर आणि कानांजवळ पूर्ण पांढरे. माथ्यावर मिसळलेले. मानेजवळ मात्र निम्म्याहून जास्त काळे. म्हणजे मागच्या केसांना मेंदीची गरजच नव्हती, ती वीस वर्षं उगाच लावली गेली. बाई मागचा आरसा धरून बराच वेळ बघत राहिल्या. "आईचे अगदी असेच होते," एवढंच म्हणाल्या.

केसांचा पोत नरम आहे, तुटणं कमी झालंय. मेंदीने दिलेला जाडपणा गेल्याने केस विरळ वाटतात, हे त्यांना सुरुवातीला खटकलं आणि ते मी आधी सांगायला हवं होतं. पांढऱ्यावर पिवळट छटा येते तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा जांभळा शाम्पू. बाकी काही नाही. सासूबाईंनी कापलेले केस पाहून दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पांढऱ्या केसांची बट शेजारी धरून बघितली, असं बाईंनी मला सांगितलं.

आता मी काय वेगळं करते

'मेंदी लावता का' असं विचारत नाही. 'गेल्या चार वर्षांत केसाला जे जे लागलं ते सगळं सांगा, रिकामे पुडे असतील तर घेऊन या' असं सांगते. पुडा हातात आला की बऱ्याच गोष्टी कळतात. 'काळी मेंदी' म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं. निव्वळ मेंदीने कधीच काळा रंग येत नाही. पीपीडीची काहींना जबर ॲलर्जी होते, डोळे-चेहरा सुजतो. एकदा झालेली असेल तर पुढे कुठलाही काळा कलर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचा नाही. आणि भांगात, कपाळावर, लग्नाच्या आदल्या दिवशी वेगळं काय लावता, हा प्रश्न आता स्वतंत्र विचारते.

चाचणीची बट तीन ठिकाणांहून घेते: कपाळाजवळून, माथ्यावरून, मानेवरून. कापायची नसेल तर तीन आठवडे कंगव्यात येणारे केस पाकिटात जमवायला सांगते, पुढच्या केसांचं पाकीट वेगळं. समारंभ दोन महिन्यांच्या आत असेल तर ब्लीच हातात घेत नाही. ज्यांना कधीतरी मेंदी सोडायची आहे पण आज नाही, त्यांना एवढंच सुचवते की टोकांना लावणं आत्ताच बंद करा, फक्त मुळांना लावा. बाईंनी शेवटची तीन वर्षं इतकं केलं असतं तरी तो काळपट तिसरा पट्टा झाला नसता.

राहिला बॉबकटचा मुद्दा. जूनमध्ये मी जोर केला असता तर वीस महिन्यांचं काम आठ महिन्यांत झालं असतं, हिरव्या बटांची वेळही आली नसती. हे मी अलीकडे बाईंना बोलून दाखवलं. त्यांचं मत वेगळं आहे. "तेव्हा कापले असते तर मी तिसऱ्या आठवड्यात मेंदी भिजवली असती," त्या म्हणाल्या. "मला आधी थोडं बघू द्यायला हवं होतं." माझं मत अजूनही पूर्ण बदललेलं नाही. कात्रीचा पर्याय मी आता प्रत्येकीला दोनदा सांगते, पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात, आणि मधल्या काळात त्याबद्दल बोलत नाही.